कडेने धरा

माझ्या काउंटरवर पाटी आहे, वडिलांच्या अक्षरातली:
नाणं कडेने धरा.
बोटांना घाम असतो, घामात मीठ,
आणि मिठाला चांदीची चव कळते.

एइनो कांगासने ती पाटी कधी मनावर घेतली नाही.
दर गुरुवारी यायचा, दाराशी बूट आपटून बर्फ झटकायचा
आणि विचारायचा, "मिसेस ट्रेगार्थेन,
आज काही वाया गेलेलं आलंय का?"

अर्धा डॉलर. अठराशे ब्याण्णव ते एकोणीसशे पंधरा.
त्र्याहत्तर नाणी, चार टांकसाळी,
गरुडाच्या शेपटीखाली टांकसाळीचं एक बारीक अक्षर,
फिलाडेल्फियाला तेवढंही नाही.
लोक ही मालिका चमक बघून जमवतात,
भिंग लावून बाईच्या गालावरचे ओरखडे मोजतात.
एइनोचं सगळं उलटं.
त्याला हवं असायचं सगळ्यात झिजलेलं:
साल जेमतेम वाचता यावं,
बाईची नुसती सावली उरावी,
गरुडाचा डाग.

एकदा मी सॅन फ्रान्सिस्कोचं कोरं नाणं पुढे ठेवलं,
कालच साच्यातून उठून आल्यासारखं.
त्याने ते बराच वेळ पाहिलं.
"बिचारं," म्हणाला. "शंभर वर्षांत
याचा कुणी एक पावसुद्धा आणला नाही."

ब्यूटमध्ये ही नाणी पगाराच्या पाकिटातून उतरली.
गुत्त्याच्या ओल्या फळीवर, पेस्टीच्या दुकानात,
खाणीत मेलेल्याच्या बायकोसाठी फिरवलेल्या टोपीत.
तांब्याचं गाव, चांदीचा खुर्दा.
एइनोने चाळीस वर्षं त्याच दगडात भोकं पाडली.
लायसन्सच्या कचेरीत यंत्राने त्याचा अंगठा तीनदा नाकारला,
काचेवर काही उमटेचना.
हे त्याने मला असं सांगितलं
की जणू लॉटरी लागली.

घोडं अडलं एकोणीसशे चौदावर.
त्या साली फिलाडेल्फियाने निव्वळ सव्वा लाख पाडली.
बेताचं झिजलेलं मिळायचं,
पण इतकं नाही, एइनोला हवं तितकं नाही.
नऊ वर्षं मी पत्रं लिहिली, लिलाव चाळले.
शेवटी त्याने चांगलंसं एक विकत घेतलं,
कपाळपट्टीवर लिबर्टीची सातही अक्षरं शाबूत,
नोटा मोजल्या,
आणि माझ्या डोळ्यांदेखत
किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर पँटच्या खिशात टाकलं.
"अहो!" मी ओरडलेच.
"मीच झिजवतो," म्हणाला. "वेळ आहे."

वेळ अकरा वर्षं होता.
गुरुवारी काउंटरवर नाणं ठेवून तो वाट बघायचा.
मी भिंग लावायचे. ई पुसट. पुढच्या हिवाळ्यात ई नाही.
मग आर, मग बी.
असा अभिमान मी फक्त
पोराची उंची दारावर आखणाऱ्या बापांत पाहिलाय.

मार्चमध्ये त्याची मुलगी आयली स्पोकेनहून आली.
अल्बम आणला. बहात्तर भरलेली, एक खाच रिकामी.
आणि हॉस्पिटलचं पाकीट: घड्याळ, कवळी,
एक अर्धा डॉलर.
मी अल्बममधलं एक काट्यावर ठेवलं.
साडेबारा ग्रॅमचं अकरावर आलेलं.
"उरलेलं कुठे गेलं?" तिने विचारलं.
मी म्हटलं, "गावात."
भाव सांगायचा राहूनच गेला.

मग ती घराबद्दल बोलत राहिली. छत गळतं,
गिऱ्हाईक हटून बसलंय, म्हाताऱ्याचा कुत्रा
कुणीच घ्यायला तयार नाही.
चौदाचं नाणं तिच्या मुठीत होतं.
बोलता बोलता अंगठा कपाळपट्टीवर फिरत होता,
मागे, पुढे,
जिथे अजून एल आणि वाय शिल्लक आहेत.

पाटी आमच्या दोघींच्या मधोमध होती.
मी काटा पुसत राहिले.